निवळीवकील

वामनराव वकिलांना पाणी देणं म्हणजे कोर्टात साक्ष देण्यासारखं होतं. आमच्या लग्नानंतर ते पहिल्यांदा घरी आले, तेव्हा आमच्या मंडळींनी लख्ख घासलेल्या तांब्यातून पाणी आणि वाटीत गूळ पुढं ठेवला. त्यांनी गूळ तोंडात टाकला. मग कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला स्वतःचा काचेचा पेला काढला, त्यात पाणी ओतलं आणि तो खिडकीच्या उजेडात धरला. एक डोळा मिटला. मग तो उघडून दुसरा मिटला. दाराआड वाजणाऱ्या बांगड्या थांबल्या. पाण्याला नाव ठेवणं म्हणजे घरच्या बाईला नाव ठेवणं, आणि ही बाई अमरावतीची. तिला राग आला की घरात मला कोणी ओळख दाखवत नसे.

"कोणत्या विहिरीचं?" वामनरावांनी विचारलं.

"मारुतीजवळच्या."

"तिथं धुणं धुऊन राहिले काय लोक?"

मी म्हणालो, तसं काही पाहिलं नाही. ते उठले, दुसऱ्या खिशातून एक चपटी, पिवळट बी काढली, आमच्या घागरीच्या आतल्या अंगाला खसाखसा घासली, वर झाकण ठेवलं आणि म्हणाले, "निवळू दे."

ते गेल्यावर मंडळी बाहेर आल्या. "पाहुण्याला पाणी पाजायचं की पाण्याची मुंज करायची?" एवढंच बोलल्या. पुढचे चार दिवस मी गुमान जेवलो.

ती निवळीची बी होती. घागरीत घासली की गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी निवळतं, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. आज्या ती फडताळात ठेवत, हे गृहस्थ खिशात घेऊन हिंडत. त्याच खिशात सुपारीही असे. एकदा त्यांनी मला सुपारी म्हणून निवळीच दिली. मी मुकाट्यानं चावत बसलो, कारण ते माझे शेजारी तर होतेच, शिवाय म्युनिसिपल कमिटीचे मेंबर होते, आणि मी त्या कमिटीतला कारकून. कारकुनाला मेंबरांनी दिलेलं थुंकता येत नाही.

आमचं गाव अकोल्याहून बडनेऱ्याकडे जाताना लागतं. नाव सांगत नाही. त्या वेळच्या मेंबरांची नातवंडं तिथं अजून नांदताहेत, आणि मला उतारवयात भांडणं नकोत. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्या काळातली ही गोष्ट.

गावानं वामनरावांना 'निवळीवकील' हे नाव ठेवलं होतं आणि त्यांना ते आवडत असे. 'निवळू दे' हा त्यांचा मंत्रच. चहा समोर आला की निवळू दे. तो इतका निवळे की वर साय धरे. दोन भाऊ मधल्या भिंतीवरून डोकी फोडून आले, तर यांनी फिर्याद लिहायच्या आधी म्हटलं, निवळू द्या. तारखांवर तारखा घेतल्या. शेवटी भावांनाच कंटाळा आला, त्यांनी भिंत पाडून टाकली आणि वकिलांना पुरणपोळी पाठवली. बाकीचे वकील कपाळावर हात मारत.

आता मुद्द्याचं सांगतो. गावचं सगळं सांडपाणी एका नाल्यातून नदीत जाई. मोऱ्यांचं, तेलाच्या घाण्यांचं आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेठजींच्या रंगाच्या कारखान्याचं. लग्नसराईत लुगडी रंगायची, तेव्हा नाला कधी लाल तर कधी हिरवा वाही. कोसभर खाली बोरखेड नावाचं खेडं. उन्हाळ्यात तिथल्या विहिरी आटत, मग बायका नदीच्या वाळूत खड्डे उकरत, झिरे. त्यात झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरत. आमच्या गावानं सोडलेलं बोरखेडनं प्यायचं, अशी ही जुनी वहिवाट होती.

वामनराव कमिटीत निवडून आले आणि त्यांनी ह्या वहिवाटीला हात घातला. नाला नदीला मिळतो तिथं एक मोठा हौद बांधायला लावला. त्याला लोखंडी झडप आणि झडपेला कुलूप. ठराव त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला: 'गावचे सांडपाणी हौदात निवळल्यावाचून नदीत सोडू नये.' ठराव पास झाला, कारण त्या दिवशी सभेत कढी-वडे होते आणि कोणी नीट ऐकलं नाही.

नीट ऐकलं ते शेठजींनी. त्यांचा माणूस कमिटीपुढं येऊन म्हणाला, आमचं लाल पाणी रात्रभर हौदात होतं, तळाला गाळ बसला, वरचं आरपार दिसतं, म्हणजे निवळलं. लाल आहे, पण निवळलेलं लाल आहे. सगळे मेंबर वामनरावांकडे पाहू लागले, कारण शब्द त्यांचाच होता. वामनरावांनी खिशातला पेला काढला, त्या माणसानं आणलेल्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं आणि पेला त्याच्यापुढं सरकवला.

"निवळलं ना? मग घ्या. प्या."

तो माणूस म्हणाला की आज त्याची एकादशी आहे.

त्या दिवसापासून वामनरावांनी परीक्षाच बदलली. त्यांनी मासोळ्या पाळल्या. हौदाशेजारी मातीची एक नांद ठेवली, त्यात हौदातलं पाणी आणि बोटाएवढ्या मासोळ्या. सकाळी मासोळ्या जिवंत असल्या तर झडप उघडायची, मेल्या तर थांबायचं. त्यांना ते 'साक्षीदार' म्हणत. "माझे साक्षीदार फुटत नाहीत," ते अभिमानानं सांगत. "फार तर मरतात."

ब्राह्मण वकील भर बाजारात मासे विकणाऱ्या भोयापाशी उकिडवा बसून मासोळ्या निवडतो, ह्यानं गाव हादरलं. भोई पहिल्यांदा आला तेव्हा वामनराव त्याच्यावर ओरडले, "अरे, मले जिवंत पाहिजे!"

"वकीलसाब, ताजी हाय. आताच मेली," भोई काकुळतीनं म्हणाला.

एकदा तर ते धावतपळत कोर्टात आले आणि धापा टाकत म्हणाले, "आज साक्षीदार मेला." मुन्सफसाहेबांनी हळहळ व्यक्त करून खटला पुढं ढकलला. कोणता साक्षीदार, हे त्यांना कळलं तेव्हा पुढची तारीख उलटून गेली होती.

घरी वामनराव एकटे. त्यांची बायको, आमच्या काकू, वारून बरीच वर्षं झाली होती. हौदाला लागून त्यांची संत्र्याची छोटी बाग होती. काकूंनी मोर्शीहून कलमं आणून ती लावली होती. हौदातलं निवळलेलं पाणी एका पाटानं बागेला जाई. एकुलती एक लेक अंबू बोरखेडलाच दिलेली, शेती असलेल्या, खाऊनपिऊन सुखी घरात. महिन्यातून एकदा हे बैलांची दमणी जुंपून तिला भेटायला जात आणि तिथंही तीच तऱ्हा. अंबू तांब्या घेऊन येई, हे पेला काढत, उजेडात धरत आणि म्हणत, "नाही बाई. गढूळ आहे. निवळू दे, मग पेईन." आणि तहानलेलेच परत येत. पोटच्या पोरीच्या घरचं पाणीही ह्या माणसाला चालत नाही, म्हणून गाव हसे. मीही हसलो आहे.

मग ते वैशाखाचे दिवस आले. अमरावतीहून कमिशनर साहेब दौऱ्यावर येणार, मुक्काम हौदापलीकडच्या डाक बंगल्यात. लग्नसराई जोरात, शेठजींचा कारखाना दिवसरात्र चालू, हौद लाल पाण्यानं काठोकाठ भरलेला आणि वास असा की बैल तिकडं वळायला तयार नसत. नांदेतल्या मासोळ्या रोज सकाळी पांढरी पोटं वर करून तरंगत होत्या. झडपेची किल्ली वामनरावांच्या जानव्याला बांधलेली.

साहेब दुपारी यायचे, त्या दिवशी सकाळी अध्यक्ष बापूसाहेबांनी सभा बोलावली. बापूसाहेब धिप्पाड, आवाज घाटाखालपर्यंत जाणारा.

"किल्ली द्या, वकीलसाब. हौद खाली करा लागते. साहेबाच्या नाकात हा वास गेला तर कमिटी बरखास्त होईन."

"साक्षीदार मेले आहेत," वामनराव म्हणाले. "निवळू द्या."

"आनं कवा निवळन? साहेब दुपारी येऊन राहिला!"

"बोरखेडच्या विहिरी आटल्या, बापूसाहेब. सारं गाव झिऱ्यावर आहे. हे पाणी सोडलं तं दिवस मावळायच्या आत त्यायच्या घागरीत जाते."

बापूसाहेबांचा चेहरा लाल झाला. मी इतिवृत्त लिहीत होतो, माझा टाक थांबला. ते टेबलावर पुढं झुकले.

"बोरखेडचा लय पुळका! सोता तुमी पोरीच्या घरचं पानी कवा पेले काय? नाव पान्याचं सांगता. साऱ्या गावाले माहीत हाय काहून पेत नाई ते. पोरीले पोर नाई, म्हनून पेत नाई!"

 आमच्याकडे रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. अंबूच्या लग्नाला किती वर्षं झाली, हे सगळ्यांना माहीत होतं आणि पाळणा हलला नव्हता, हेही. माझ्या डोक्यात मात्र ह्या दोन गोष्टी आजवर एकत्र आल्या नव्हत्या. वामनरावांचा हात खिशात गेला, तिथंच राहिला. ते उठले. छत्री उचलली आणि बाहेर पडले.

बापूसाहेबांनी मला, दोन चपराशांना आणि घण घेतलेल्या लोहाराला बरोबर घेतलं. आम्ही हौदावर पोचलो, तर वामनराव झडपेच्या चाकावर छत्री उघडून बसलेले. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. लाल पाणी काठाला टेकलं होतं आणि नदीकडच्या भिंतीच्या एका सांध्यातून ते झिरपत होतं. दगडावरून खाली बारीक लाल रेघ उतरली होती.

"उठा, वकीलसाब," बापूसाहेब म्हणाले. "भिंत झिरपून राहिली. फुटली तर सारंच जाईन, हौदही आनं बोरखेडही."

हे खरं होतं.  आजवर ह्या भांडणात कोण बरोबर, हे मला ठाऊक होतं. आता झडप उघडली तरी घाण नदीत, नाही उघडली तरी नदीत. वामनरावांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण त्यांच्या तोंडावर भीती पहिल्यांदा पाहिली.

"निव..." ते म्हणाले आणि थांबले.

"फोड रे कुलूप," बापूसाहेबांनी लोहाराला सांगितलं.

लोहारानं घण उचलला. तेवढ्यात सांध्यातला एक दगड सुटला आणि खाली खडकावर पडला. रेघेची धार झाली. चपराशी मागं सरले. आणि जन्मभर सगळ्यांना निवळू दे म्हणणारा तो माणूस छत्री टाकून ताडकन उठला आणि धावला. नदीकडे नाही, बागेकडे. पाटाच्या तोंडाशी एक फळी होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि ओढू लागले. फळी फुगून घट्ट बसली होती.

"पाहून काय राहिला रे! ये ना!" ते माझ्यावर ओरडले. मी गेलो. लोहारही घण टाकून आला. फळी एकदम निघाली, आम्ही तिघं चिखलात बसलो आणि लाल पाणी घोघो करत बागेत शिरलं.

झाडांना अंबिया बहार होता. फळं लिंबाएवढी झालेली. पाणी आळ्या-आळ्यांतून पसरत गेलं, खोडांभोवती फिरलं, बांधाला अडलं आणि साचलं. इकडं हौदातलं पाणी उतरलं, तशी भिंतीतली धार बारीक झाली, मग थेंब झाले, मग थांबली. 

बापूसाहेब बांधावर येऊन उभे राहिले. आवाज खाली आला होता. "वकीलसाब, बाग जाईन ना तुमची. वहिनीनं लावली होती."

"माझी जाईन," वामनराव चिखलातूनच म्हणाले. "बोरखेडवाल्यायचा जीव नाही जाणार."

साहेबाची मोटर दुपारी आली. काचा वर होत्या. साहेबाला डोकेदुखी होती, तो डाक बंगल्यात न थांबता अकोल्याला गेला.

बाग गेली. झाडांची पानं आधी कडेनं करपली, मग गळाली. बापूसाहेब रोज सकाळी फिरायला त्या वाटेनं जात. त्यांनी काय पाहिलं कोणास ठाऊक, पण पुढच्या सभेत त्यांनी स्वतःच ठराव मांडला की शेठजींनी आपल्या कारखान्यात आपला हौद बांधावा आणि साक्षीदार जगल्याशिवाय नाल्यात थेंब सोडू नये. 'साक्षीदार' हा शब्द इतिवृत्तात तसाच आहे, मी लिहिला आहे.

काही दिवसांनी वामनराव माझ्या दारात आले. "चाल बोरखेडले. एकट्याले कंटाळा येते." आम्ही दमणीत बसलो. 

अंबूच्या घरी ओसरीवर तिच्या सासूबाई आणि शेजारच्या दोघीतिघी वाती वळत बसल्या होत्या. अंबू तांब्या घेऊन आली आणि चौकटीतच थांबली. सासूबाईंनी वात वळता वळता म्हटलं, "दे, दे. वकीलसाहेब उजेडात पाहतील आणि परत देतील. आमच्या घरचं पाणी पेण्याजोगं व्हायले भाग्य लागते." शेजारणींनी माना खाली घातल्या. अंबूनं तांब्या घट्ट धरला.

वामनरावांनी पेला काढला, पाणी ओतलं, उजेडात धरला. एक डोळा मिटला. मी त्यांच्या शेजारीच होतो, मला पेला स्वच्छ दिसत होता, पाणी मात्र स्वच्छ नव्हतं. लाल नव्हतं, वासही नव्हता, पण झिरा नुकताच उकरलेला असावा, पाण्यात गाळ तरंगत होता. त्यांचा हात निवळीच्या खिशाकडे गेला. मी मनात म्हटलं, झालं.

हात रिकामाच बाहेर आला. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि घटाघटा पिऊन टाकला.

"अजून दे," ते म्हणाले.

सासूबाईंच्या हातातली वात सुटली. "अहो वकीलसाहेब, काय करता हे? तिले अजून पोरबाळ..."

"माहीत आहे मले. मी पाण्याचं बोलून राहिलो," वामनराव म्हणाले आणि पेला अंबूपुढं धरला. "निवळलं बाई. दे."

परतीच्या वाटेवर ऊन कललं होतं. मला राहवेना.

"वकीलसाहेब, पाणी आज गढूळ होतं."

"होतं थोडं."

"मग?"

ते बैलांच्या शिंगांकडे पाहत बोलू लागले. "पहिल्यांदा गेलो ना तिच्याकडे, लग्नाले चारेक वर्षं झाल्यावर, तेव्हा अशाच बायका बसल्या होत्या. पोरगी तांब्या घेऊन उभी. मी पेणार नाही, हे त्यायले माहीत, काहून ते माहीत, आणि तिलेही माहीत. आता कोणी बोलेन तं ती मरेन लाजेनं. म्हटलं, बाई, पाणी गढूळ आहे तुमचं, आमच्या गावची घाण आहे, निवळू दे. साफ खोटं बोललो. मग येताना मनात आलं, नदी पाहून तं घ्यावी. पाहिली. खरंच घाण होती बाप्पा." ते हसले. "वकिलाचं खोटं खरं निघालं. मग काय करतो? हौद बांधा लागला."

मी मागं वळून बोरखेडकडे पाहिलं. 

"तू पेल्यातच पाहत बसला," ते म्हणाले. "तिच्या तोंडाकडे पाहायचं होतं तुनं."

त्यांनी खिशातून पेला काढला, रुमालानं पुसला आणि मावळतीच्या उजेडात धरला. एक डोळा मिटला, मग दुसरा. बराच वेळ पाहत होते. पेला रिकामा होता.